अश्वसाज, मध्ययुगीन
स्वारीच्या व युद्धाच्या घोड्यावर घालावयाची उपकरणे, चिलखत आणि शोभेची वस्त्रे यांस अश्वसाज म्हणतात. खोगीर, तंग, लगाम व रिकीब ही त्याची मुख्य अंगे होत. घाम शोषून घेणारे या अर्थाच्या फार्सी शब्दावरून ‘खोगीर’ हे नाव आले. युद्धात घोड्याच्या रक्षणासाठी पाखर, तर मिरवणुकीत शोभेसाठी भरजरी झूल घालीत.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे बहमनी राज्याचे महत्त्वाचे बंदर होते. तेथे परदेशी घोडे येत असल्याचा उल्लेख अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाने पंधराव्या शतकात केला आहे. असे घोडे मौल्यवान असल्याने त्यांचा साज हा धन्याच्या प्रतिष्ठेचाही द्योतक ठरे.

शिवकालीन घोडदळात बारगिरास घोडा व साज सरकारी पागेतून मिळे. शिलेदार तो स्वतःचा आणी. त्यामुळे साजाच्या मालकीवरून स्वाराचा दर्जा ओळखला जाई. मराठ्यांच्या युद्धपद्धतीत वेगवान हालचालींवर भर असल्याने जड पाखरेपेक्षा हलका साज सोयीचा होता. खोगिराच्या गादीत चिंध्यांसारखा टाकाऊ माल भरीत. त्यावरून निरुपयोगी माणसांच्या वा वस्तूंच्या भरण्यास ‘खोगीरभरती’ म्हणतात. घोडदळे गेली, तरी हा शब्द मराठीत रूढ आहे.