शेक अर्धवट सोडू नका

कॅन्सरला ‘शेक’ द्यायचे ठरले की घरात धास्ती पसरते. तीन आठवडे शेक होतात, जरा बरे वाटते, इकडे पेरणी खोळंबलेली असते. मग काहीजण उपचार सोडून गावी परततात. बंधू-भगिनींनो, घात होतो तो इथेच!

शेक म्हणतात खरे, पण त्यात विस्तव नाही की विजेचा झटका नाही. क्ष-किरणांसारखेच, पण फार जोरकस असे हे किरण पेशींच्या गाभ्यावर घाव घालतात. निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तितके सावरता येत नाही. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी देतात. मध्येच खंड पडला तर उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात. अर्धवट खणलेली हराळी कशी फोफावते, हे तुम्हाला सांगायला नको.

ही मात्रा ‘ग्रे’ या मापाने मोजतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून बहुधा ४५ ते ५० ग्रे देतात. रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, असे ५ आठवडे. शिवाय आतूनही किरण देतात. स्तनाच्या कॅन्सरला शस्त्रक्रियेनंतर १५ शेकांत ४० ग्रे देण्याची पद्धत आहे. हाडात पसरलेल्या रोगाच्या वेदनेला ८ ग्रेचा एकच शेक पुष्कळदा पुरतो. तेव्हा ‘शेजारणीला पंधरा, मग मला पंचवीस का?’ असे मनात आणू नका.

किरणांच्याही जाती आहेत. कोबाल्ट यंत्राचे गॅमा किरण आणि लिनॅक यंत्राचे क्ष-किरण खोलवर जातात. इलेक्ट्रॉन थोडे सेंटिमीटर जाऊन थांबतात, म्हणून ते कातडीजवळच्या रोगाला. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जोर टाकून थांबतात. खारघरला टाटा स्मारक केंद्रात ते २०२३ पासून देतात. पण महाग ते सर्वांना चांगले, असे नाही. जमीन पाहून बियाणे, तसे रोग पाहून किरण.

बाहेरून शेक घेतलेल्याच्या अंगात किरण राहत नाहीत. लेकरू खुशाल मांडीवर घ्या. अंगावरच्या खुणा मात्र पुसू नका. विचारल्याशिवाय तेल-हळद लावू नका.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा : शेक किती, आठवडे किती? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आणि पेरणी भाऊबंदांवर सोपवा. शेक मात्र पुरे करूनच घरी या.