केशरचना, महाराष्ट्रीय स्त्रियांची

केशरचना, महाराष्ट्रीय स्त्रियांची : डोक्यावरील केस विंचरून, विभागून, गुंफून अथवा बांधून त्यांना विशिष्ट आकार देण्याची महाराष्ट्रातील स्त्रियांची रीत आणि तीमागील सामाजिक संकेत. केशरचनेचा विचार सामान्यतः सौंदर्यप्रसाधनाचा एक भाग म्हणून केला जातो. तथापि पारंपरिक समाजात स्त्रीचे केस हे प्रथमतः तिच्या वैवाहिक स्थितीचे चिन्ह होते. कुमारिका, सुवासिनी व विधवा हे भेद तिच्या मस्तकाकडे पाहून कळत. ही गोष्ट केवळ भारतापुरती नाही. प्राचीन चीनमध्ये मुलगी पंधरा वर्षांची झाली, की तिचे केस वर बांधून त्यांत काटा खोवण्याचा विधी करीत व त्यानंतर ती विवाहयोग्य समजली जाई. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत रेशमाच्या धंद्यावर स्वतःचे पोट भरणाऱ्या काही स्त्रिया आजन्म अविवाहित राहण्याची प्रतिज्ञा करीत आणि विवाहितेचा अंबाडा स्वतःच्या हाताने बांधून घेत. वधूचे केस दुसऱ्याने विंचरण्याची तेथील रूढी असल्यामुळे ‘स्वतः केस विंचरलेल्या’ असेच नाव त्यांना पडले. महाराष्ट्रातील स्त्रीच्या केसांचा इतिहास पाहतानाही ते कोणत्या आकारात बांधले जात, याइतकाच ते कोणाच्या हाताने व कोणाच्या इच्छेने बांधले अथवा काढले जात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संस्कृत वाङ्‌मयात वेणी, कबरी, धम्मिल्ल (फुलांनी सजविलेला अंबाडा), सीमंत (भांग) इ. संज्ञा आढळतात. गृह्यसूत्रांतील सीमंतोन्नयन या संस्कारात पती हा गर्भवती पत्नीचा भांग साळिंदराच्या काट्याने, तसेच उंबराच्या कोवळ्या फळांचा घोस व दर्भ यांच्या साहाय्याने वरच्या बाजूस काढतो. कालिदासाच्या मेघदूत काव्यात विरहिणी यक्षपत्नी एकच साधी वेणी धारण करते आणि शाप संपल्यावर ती सोडविण्याचे काम यक्षाचे असते. या काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, असे वा. वि. मिराशी प्रभृती विद्वानांचे मत आहे. भट्टनारायणाच्या वेणीसंहार नाटकात द्रौपदीचे सुटलेले केस दुर्योधनवधानंतर भीमच बांधतो. सुखात, विरहात व सूडातही स्त्रीच्या केसांवरील निर्णायक हात पतीचा, अशी कल्पना या सर्व प्रसंगांत समान आहे.

चित्र-शिल्पांतून दिसणारे दृश्य मात्र काहीसे वेगळे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांचा उत्तरकालीन भाग इ. स. पाचव्या शतकात वाकाटकांच्या वत्सगुल्म (सध्याचे वाशिम) शाखेच्या काळात निर्माण झाला. सोळावे लेणे हे राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने खोदविले. येथील भित्तिचित्रांत मानेवर सैल सोडलेले अंबाडे, डोक्याच्या एका बाजूस कललेल्या गाठी, कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटा, केसांत गुंफलेली फुले व मोत्यांचे सर अशा कितीतरी तऱ्हा आहेत. सतराव्या लेण्यातील आरसा घेतलेल्या राजस्त्रीचे प्रसाधनाचे दृश्य प्रसिद्धच आहे. या चित्रांत राणी, दासी व नर्तकी यांतील भेद अलंकारांवरून व उभे राहण्याच्या ढबीवरून अधिक कळतो. केवळ केशरचनेवरून अमुक स्त्री विवाहित व अमुक अविवाहित, असे सांगता येत नाही. धर्मग्रंथांतील संकेत आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत प्राचीन काळीही अंतर असावे, असे यावरून वाटते.

अलीकडच्या काही शतकांत महाराष्ट्रात रूढ असलेल्या रचनांत वेणी, अंबाडा, खोपा व बुचडा या प्रमुख होत. वेणी सामान्यतः तीन पेडांची. हौसेने चार वा पाच पेडांचीही घालीत. वेणीच्या शेवटी आगवळ म्हणजे गोंड्यांची दोरी गुंफीत. केस आखूड वा विरळ असल्यास गंगावन जोडीत. वेणी किंवा पिळलेले केस मानेवर गोल गुंडाळून आकड्यांनी बसविले, की अंबाडा होतो. खोपा हा केसांचा पीळ अथवा वेणी दुमडून मागील बाजूस उभट बांधतात. पक्ष्याच्या घरट्यालाही खोपाच म्हणतात आणि दोहोंतील साम्य सहज लक्षात येण्याजोगे आहे. बुचडा ही कामकरी स्त्रीची रचना होय. आगवळ वा आकडा न वापरता केसांचाच पीळ देऊन त्यांचीच गाठ मारली, की तो तयार होतो. निंदणी, कापूस वेचणी किंवा डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी वाहणे या कामांत तो सुटत नाही. सुटलाच तर एका हाताने पुन्हा बांधता येतो. वऱ्हाडातील शेतावर राबणाऱ्या स्त्रियांत त्याचा प्रसार त्यामुळेच अधिक. सधन घरांतील स्त्रिया सणासमारंभात मूद, राखडी, केतकी, नाग, अंबाड्यावरील फूल इ. सोन्याचे दागिने केसांत घालीत. शेवंतीची वेणी, मोगऱ्याचा गजरा किंवा एखादे गुलाबाचे फूल मात्र गरिबालाही परवडे. सुवासिनीला फूल द्यावे व तिने ते लगेच केसांत माळावे, हा हळदीकुंकवातील शिष्टाचार याच प्रथेचा भाग आहे. भांगात शेंदूर भरण्याची उत्तर भारतीय चाल महाराष्ट्रात मूळची नाही. सौभाग्याचे कुंकू येथे कपाळावर लावतात.

केस विंचरण्याचे रोजचे काम स्त्रिया एकमेकींसाठी करीत. आरसा, फणी, मेण व कुंकवाचा करंडा ठेवलेली फणेरपेटी दुपारच्या निवांत वेळी उघडली जाई आणि आई, आजी, जाऊ, नणंद अशी माळ एकीमागे एक बसे. घरातील पुष्कळशा गोष्टी याच वेळी बोलल्या जात. विंचरताना निघालेले गुंतवळ भिंतीच्या कोनाड्यात जपून ठेवीत व दारावर येणाऱ्या फिरत्या विक्रेतीकडून त्याच्या बदल्यात सुया, मणी किंवा फण्या घेत. तरीही हे काम सर्वस्वी स्त्रीच्या मर्जीचे नसे. सुनेने केव्हा न्हावे व केव्हा विंचरावे, यावर सासूची नजर असे. वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अचलपूर या भागांतही ती परंपरेने चालत आली आहेत. त्यांतील व पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्यातील एका सर्वपरिचित गीतात माहेरी जाऊ इच्छिणाऱ्या सुनेला सासू एकामागून एक कामे सांगत राहते. शेवटी फणी आणून वेणी घालण्याची आज्ञा होते, तेव्हा कोठे माहेरची वाट मोकळी होते. मुलींनी हसतखेळत म्हटलेल्या या गाण्यात वेणी म्हणजे जवळजवळ प्रवासाचा परवानाच आहे.

मोकळे केस अशुभ मानीत. तिन्हीसांजेला केस सोडू नयेत, असे मुलींना बजावीत. रजस्वलेने चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाण्याची प्रथा असल्याने ओल्या केसांवरून तिची स्थिती साऱ्या घराला कळे. देवी अंगात आलेल्या स्त्रीचे केस मात्र घुमताना सुटत आणि ते कोणी बांधू जात नसे. एरवी निषिद्ध असलेली मोकळीक तेवढ्या वेळापुरती तिला मिळे. विदर्भातील बंजारा समाजात कानांजवळच्या केसांत अडकवून दोन्ही बाजूंना लोंबत ठेवलेले घुगरी व टोपली हे अलंकार विवाहितेची खूण होत. पती निधन पावल्यावर ते उतरवितात.

पती-पत्नीच्या नात्यात केसांना आलेले मोल दोन विधींत परस्परविरोधी रूपांनी प्रकट होते. पहिला विधी वेणीदानाचा. प्रयाग येथे त्रिवेणीसंगमावर महाराष्ट्रीय व दाक्षिणात्य सुवासिनी वेणीचे टोक अर्पण करतात. पती स्वतः ते कापतो व ते संगमात सोडतात. येथे केसांचा थोडासाच भाग देऊन सौभाग्य अखंड राहावे, अशी प्रार्थना असते. दुसरा विधी केशवपनाचा. त्यात पती हयात नसतो आणि केस मात्र सगळेच जातात.

विधवेच्या केशवपनास प्राचीन स्मृतींचा आधार नाही, असे पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. विधवेने वेणी बांधल्यास मृत पती परलोकात बंधनात पडतो, अशा अर्थाचे स्कंदपुराणाच्या काशीखंडातील वचन या प्रथेच्या समर्थनार्थ पुढे केले जाई. वपन झालेली स्त्री आलवण नेसे. दक्षिणेतील ब्राह्मण विधवांचे वपन दर पंधरवड्याला होते, अशी नोंद पंडिता रमाबाईंनी द हाय-कास्ट हिंदू वुमन (१८८७) या पुस्तकात केली आहे. म्हणजे हा एकदाच भोगून संपणारा प्रसंग नव्हता. न्हाव्यापुढे बसण्याची पाळी जन्मभर पुनःपुन्हा येई. बालविधवांचे वपन पुष्कळदा त्या वयात येईपर्यंत लांबवीत. वपनाने स्त्री कुरूप व्हावी व तिच्याकडे कोणाची दृष्टी जाऊ नये, हा हेतू तर होताच. पण या प्रथेला एक घरगुती बाजूही होती व तिच्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. सकेशा विधवेच्या हातचे अन्नपाणी देवकार्यास व श्राद्धास चालत नसे. वपन केलेली मात्र ‘सोवळी’ ठरे. त्यामुळे घरातील सोवळ्याच्या स्वयंपाकाचा सारा भार विनावेतन उचलणारी बाई कुटुंबाला मिळे. शास्त्रवचनांइतकाच या सोयीचाही प्रथा टिकण्यास हातभार लागला, असे म्हणावे लागते.

ही प्रथा ब्राह्मण व त्यांच्या आचारांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींपुरती होती. वऱ्हाडातील कुणबी, माळी, तेली इ. जातींत विधवेचा पुनर्विवाह पाट किंवा मोहतूर या नावाने रूढ होता आणि तेथे वपनाचा प्रश्न उद्‌भवत नसे. तरीही या प्रथेवरील अतिशय प्रखर टीका वऱ्हाडातूनच आली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या पुस्तकात पतीच्या मृत्यूनंतर न्हाव्याकडून केस उतरविले जाणाऱ्या स्त्रीची दशा वर्णिली आणि पत्नी मेल्यावर पुरुषाला असे काहीच का सोसावे लागत नाही, असा रोख धरला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्याच्या (१८८१) निमित्ताने हे पुस्तक लिहिले गेले. बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत विधवांच्या हालांचे चित्रण आधीच आले होते. ह. ना. आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो? या कादंबरीतील नायिका यमू हिचे बळजबरीने झालेले वपन मराठी वाचकाच्या मनावर कायमचे कोरले गेले. गो. ग. आगरकरांनी सुधारक (स्थापना १८८८) पत्रातून या रूढीवर हल्ला चढविला.

लेखणीच्या या विरोधाहून निराळा मार्ग मुंबईतील नाभिकांनी स्वीकारला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातातील वस्तऱ्यावाचून हा विधी होऊच शकत नव्हता, त्यांनीच तो खाली ठेवण्याची भाषा केली, हे या घटनेचे वैशिष्ट्य. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात (१८८९) व धों. के. कर्वे यांच्या अनाथबालिकाश्रमात (१८९६) विधवांना शिक्षणाबरोबर केस राखण्याचेही धैर्य मिळत गेले. पार्वतीबाई आठवले या वपन केलेल्या वेषातच आश्रमासाठी निधी गोळा करीत गावोगाव हिंडल्या. पुढे त्यांनी विचारपूर्वक केस वाढू दिले. माझी कहाणी या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत सांगितली आहे. विसाव्या शतकात शिक्षणाच्या प्रसाराबरोबर ही प्रथा ओसरत गेली; परंतु पूर्वी वपन झालेल्या वृद्ध स्त्रिया त्या शतकाच्या उत्तरार्धातही काही घरांतून दिसत.

न विंचरल्यामुळे केसांत होणाऱ्या गुंत्याला जट म्हणतात. जट म्हणजे यल्लमा देवीचे बोलावणे, असे मानून दक्षिण महाराष्ट्रात मुलींना देवीला वाहण्याची चाल होती. मुंबई प्रांतात १९३४ च्या व महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने देवदासी प्रथेस बंदी घालण्यात आली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांची समजूत घालून त्यांच्या संमतीने जटा कापतात. जट वर्षानुवर्षे वाहणाऱ्या स्त्रीला मानेचे दुखणे व झोपमोड सोसावी लागते, हे लक्षात घेता या कामास वैद्यकीय मोलही आहे.

विसाव्या शतकात शाळेत जाणाऱ्या मुलींच्या लाल फितीच्या दोन वेण्या ही नवी रचना रूढ झाली. तिचा संबंध विवाहाशी नसून शिक्षणाशी होता. त्यानंतर चित्रपटांचा प्रभाव वाढला. लव्ह इन सिमला (१९६०) या चित्रपटातील नायिकेमुळे कपाळावर आखूड बटा सोडण्याची ‘साधना कट’ ही तऱ्हा लहान गावांपर्यंत पोहोचली. बॉबकट केलेल्या मुलीची प्रारंभी टवाळी होई. आता तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. खोपा रोजच्या वापरातून गेला, परंतु गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारीबरोबर तो पुन्हा दिसू लागला असून त्यासाठी कृत्रिम केसांचा तयार खोपा बाजारात मिळतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड येथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे या प्रथांचा त्यात निर्देश आहे. केशवपनाचा उल्लेख करण्याची आवश्यकता त्या वेळी उरली नव्हती. गजरा माळण्याचा विधवेचा हक्क मात्र अनेक गावांतील हळदीकुंकवांतून अद्याप वादाचा विषय आहे.