अंगावरचे दूध, वरचे दूध

गाय व्याली की तिचा चीक मराठी घरात हक्काने मागितला जातो आणि त्याचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. बाळंतिणीचा चीक मात्र पिवळट, चिकट आणि म्हणून 'जड' समजून पिढ्यान्‌पिढ्या पिळून टाकला गेला. त्याऐवजी बाळाच्या जिभेवर महाराष्ट्रात मधाचे बोट आणि गुटी, तर माळव्यात घुट्टी पडत आली. आईचे दूध की डब्याचे, हा वाद आपण पावडर आणि बाटलीपासून सुरू करतो. खरे तर तो या पहिल्या घोटापाशीच सुरू होतो.

पहिल्या दिवशी आईला चीक येतो तो जेमतेम काही चमचे. नवजात बाळाच्या पोटात एका वेळी पाच ते सात मिलिलिटरच मावतात, त्यामुळे तेवढा त्याला पुरतो. त्याचा पिवळा रंग बीटा कॅरोटीनचा असतो. त्यातली 'आयजीए' ही प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूवर पसरतात आणि जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

माळव्यातल्या धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांची भूमी आज मध्य प्रदेशात आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार या राज्यात 90 टक्क्यांहून अधिक बाळंतपणे रुग्णालयात झाली, पण पहिल्या तासात आईचे दूध मिळाले ते सुमारे 41 टक्के बाळांनाच. संपूर्ण देशाचे चित्रही जवळपास तसेच आहे. बाळंतीण डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली असतानाच हा तास निसटतो. सिझेरियननंतर आई-बाळ वेगळे ठेवले जातात, नातेवाईक घुट्टी आणतात, 'दूध उतरलं नाही' असे कुणीतरी म्हणते आणि वरचे दूध सुरू होते.

हे एक वाक्य फार नुकसान करते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो. प्रोलॅक्टिन दूध तयार करते, ऑक्सिटोसिन ते पान्ह्याच्या रूपाने बाहेर आणते. बाळ जितके पिईल तितके दूध वाढते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ कमी चोखते, दूध खरोखरच कमी होते आणि मूळची शंका खरी वाटू लागते.

या दुधाची घडणही थक्क करणारी आहे. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर त्यात सर्वाधिक प्रमाण असते ते ऑलिगोसॅकराइड या शर्करांचे, आणि त्या बाळाला पचतच नाहीत. त्या पोसतात आतड्यातल्या उपकारक जीवाणूंना. या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते. त्यामुळे धार जिल्ह्यातल्या कुक्षी-मनावरकडच्या निमाडी उन्हाळ्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळे पाणी पाजावे लागत नाही.

आईला पाजता येत नसेल तर काय, हा प्रश्न मात्र जुना आणि खरा आहे. 1657 साली पुरंदरावर शंभूराजे जन्मले. सईबाई आजारी होत्या, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे त्यांच्या दूधआई झाल्या. दूधआई सर्वांना कुठून मिळणार? 1860 च्या दशकात युरोपात युस्टुस फॉन लीबिग आणि हेन्री नेस्ले यांनी बाळांसाठी कृत्रिम आहार तयार केले. गरज खरी होती, पण पुढे जाहिरातींनी गरज नसलेल्या घरांतही डबे पोचवले. जिथे पाणी अशुद्ध आणि डबा महाग, तिथे पातळ केलेल्या पावडरने बाळे जुलाब आणि कुपोषणाने दगावली. 1939 मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापुरात याविरुद्ध जाहीर भाषण केले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने 118 विरुद्ध 1 मतांनी विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते.

भारतात 1991 च्या डिसेंबरमध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या पुरस्कारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. 1992 मध्ये कायदा झाला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आहाराची जाहिरात करण्यास, फुकट नमुने वाटण्यास आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देण्यास त्यात मनाई आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही छापता येत नाही.

तरीही डबा हा गुन्हा नव्हे. गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मीळ आजार असलेल्या बाळाला आईचे दूध चालतच नाही. आई केमोथेरपी घेत असेल, आई हयात नसेल किंवा मूल दत्तक असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, योग्य मापाने कालवलेली पावडर जीव वाचवते. अशा आईला दोष देणे निर्दयपणाचे आहे.

याखेरीज एक तिसरी वाट मुंबईने दाखवली. 1989 मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आपल्या बाळाला पुरून उरलेले दूध माता तिथे दान करतात. तपासणी झालेल्या मातांचे दूध 62.5 अंश सेल्सियसला 30 मिनिटे तापवून गोठवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. धाराऊंनी एका बाळासाठी केले, ते इथे अनोळखी माता शेकडो बाळांसाठी करतात.

सहा महिने पाजायचे तर आई बाळाजवळ हवी. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पन्नास किंवा अधिक माणसे काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. देवास आणि पीथमपूरच्या कारखान्यांत कायम नोकरी असलेल्या बाईला याचा आधार आहे. धारच्या आदिवासी पट्ट्यातून गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या आईला तो नाही. 'तू का पाजत नाहीस' असे तिला विचारण्याआधी तिची मजुरी, तिचे जेवण आणि बाळ ठेवायची जागा यांची जबाबदारी समाजाने घेतली पाहिजे. पहिल्या तासात बाळ तिच्या छातीशी देणारी परिचारिका, घुट्टी दूर ठेवणारी सासू आणि कामावर सवड देणारा मुकादम अशी तीन माणसे तिला मिळाली, तर बहुतेक घरांत डब्याची गरजच पडणार नाही.