न्यू जर्सीहून वार्तापत्र : नापासांचा हिशेब कोणाच्या खाती?

फिजिओथेरपीला अमेरिकेत फिजिकल थेरपी म्हणतात. या व्यवसायाचा परवाना मिळण्यासाठी तेथे नॅशनल फिजिकल थेरपी एक्झामिनेशन, म्हणजे एनपीटीई, उत्तीर्ण व्हावे लागते. या परीक्षेविषयी चांदूर बाजारपासून अमरावतीपर्यंतच्या विद्यार्थ्यांत, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांत, असा समज रूढ आहे की तेथे घोकंपट्टीला थारा नाही, सारे काही प्रत्यक्ष रुग्णावर तपासले जाते आणि म्हणूनच तेथला फिजिओथेरपिस्ट आपल्याकडच्यापेक्षा सरस ठरतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. २०२४ पासून या परीक्षेत २२५ प्रश्न असतात; ते पाच भागांत, पाच तासांत, संगणकावर पर्याय निवडून सोडवायचे असतात, आणि त्यांपैकी ४५ प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत, कारण ते पुढील परीक्षांसाठी पारखून पाहिले जात असतात; हे ४५ कोणते, याचा उमेदवाराला पत्ता नसतो. केंद्रात शिरताना खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्म्याच्या काड्यासुद्धा तपासल्या जातात. रुग्ण मात्र त्या खोलीत कोठेही नसतो.

रुग्ण असतो तो आपल्याकडे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.टीएच. या पदवीत लेखी परीक्षेबरोबर प्रॅक्टिकल असते, त्यासाठी एक्स्टर्नल, म्हणजे दुसऱ्या महाविद्यालयातील परीक्षक, येतात, विद्यार्थ्याला एक रुग्ण ‘केस’ म्हणून दिला जातो, आणि त्याची तपासणी कशी केली व उपचार काय योजले यावर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते. खाटेवर गुडघेदुखीचा म्हातारा शेतकरी, विद्यार्थिनीच्या हातात सांध्याचा कोन मोजण्याचे प्लास्टिकचे गोनिओमीटर, गुडघा कितपत वाकतो असा तिचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर, “वयते थोडासाक, पन मांडी घालून जेवाले बसता येत नाई.” सांध्याची हालचाल, वेदना आणि माणसाचे घरातले जिणे हे तिन्ही त्या उत्तरात आले, आणि ते ऐकून घेण्याची सवय पडद्यावरचे पर्याय वाचून लागत नाही. अर्थात येथेही गोम आहे. एकच रुग्ण दिवसभर अनेकांच्या हातांखालून जातो, दुपारपर्यंत तो सराईत होतो आणि “आता पाय वर कराले लावसान न?” असे विद्यार्थ्यालाच सुचवू लागतो.

चांदूर बाजार तालुक्यातील एक तरुणी ही अमेरिकन परीक्षा उत्तीर्ण झाली तेव्हा गावाकडून फोनवर पहिला प्रश्न आला तो किती टक्के पडले, हाच. या परीक्षेचा निकाल २०० ते ८०० या श्रेणीत लावला जातो. वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी करून काढलेल्या या आकड्याला स्केल्ड स्कोअर म्हणतात, आणि ६०० मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. मामांनी लगोलग ८०० पैकी ६०० म्हणजे ७५ टक्के, म्हणजे डिस्टिंक्शन, असा हिशेब मांडला आणि पेढे वाटले. तो आकडा टक्केवारी नव्हे, ६०० च्या वर किती मिळाले याने परवान्यात काडीचा फरक पडत नाही आणि तेथे कोणाचा नंबर काढला जात नाही, हे त्यांना पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले. शेवटी तिने डिस्टिंक्शन मान्य करून टाकले.

या तरुणीला परीक्षेपेक्षा परीक्षेपर्यंत पोचण्याचाच त्रास अधिक झाला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत आधी कोणतीही पदवी आणि तिच्यावर साधारण तीन वर्षांची डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी असा क्रम आहे. त्यामुळे आपल्या साडेचार वर्षांच्या पदवीचे विषय एकेक करून मोजले जातात, आणि मोजणीत तूट निघाली तर पैसे भरून जास्तीचे विषय शिकावे लागतात. शेकडो लकव्याचे रुग्ण हाताळलेल्या माणसाला कागदावरची तूट भरायला लावणे चीड आणणारे आहे.  परंतु आपल्या पदवीधरांवरच्या या संशयाला आपणही हातभार लावला आहे. २०१० मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळांच्या महासंघाने भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपिन्स या चार देशांतील पदवीधरांची परीक्षा थांबवली आणि पुढे काही काळ त्यांच्यासाठी वर्षातून एकदाच होणारी वेगळी परीक्षा ठेवली, कारण प्रश्न पाठ करून बाहेर आणून पुढच्यांना पुरवण्याचे प्रकार आढळल्याचे महासंघाचे म्हणणे होते. ‘गेल्या वेळचे आयएमपी’, म्हणजे महत्त्वाचे प्रश्न, विचारण्याची सवय आपल्याकडे निरुपद्रवी मानली जाते. तेथे तिने प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांनाही अडकवले.

हेवा वाटावा अशी गोष्ट परीक्षेत नाही, तिच्या निकालाचे पुढे काय होते यात आहे. महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या कॅप्टी या आयोगाची अट अशी की दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के पदवीधर अखेरीस परवाना परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजेत, प्रवेश घेतलेल्यांपैकी किमान ८० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी पूर्ण केली पाहिजे, आणि हे आकडे महाविद्यालयाने स्वतः जाहीर केले पाहिजेत. पहिली अट एकटी असती तर कच्च्या विद्यार्थ्यांना मध्येच घरी पाठवून निकाल चकचकीत करता आला असता. दुसरी अट ती पळवाट बंद करते. परिणामी पहिल्या सत्रात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापक बोलावून घेतात, शिकवणी लावून देतात, पुन्हा तपासतात, कारण त्याचे अपयश महाविद्यालयाच्या खाती मांडले जाणार असते. यात सारेच सोवळे आहे असे नाही. पुष्कळ महाविद्यालये प्रवेशाच्या वेळीच मागच्या पदवीचे गुण पाहून पुढे उत्तीर्ण होतील अशांनाच घेतात, आणि फी अशी की पदवीबरोबर कर्जाचा डोंगरही डोक्यावर येतो.

आपल्याकडे नापास होतो तो एकटा विद्यार्थी. त्याचे विषय राहतात, तो पुन्हा फॉर्म भरतो, पुन्हा फी भरतो, आणि ज्या विषयाला वर्षभर पूर्णवेळ शिक्षक नव्हता त्यातही दोष त्याचाच ठरतो. गुणवंतांची छायाचित्रे चौकातल्या फ्लेक्सवर झळकतात. प्रवेश किती जणांनी घेतला आणि वेळेत पदवी किती जणांना मिळाली, हे कोणत्याही फ्लेक्सवर नसते. चांदूर बाजारचा व्यापारी संत्र्याचा सौदा करताना टोपलीत वर रचलेली चार फळे पाहून भाव ठरवत नाही, सगळी बाग फिरून पाहतो. पोराचा प्रवेश घेताना मात्र तोच माणूस फ्लेक्सवर भाळतो. इंटर्नशिपचेही तसेच. अमेरिकेत विद्यार्थ्याने किमान तीस आठवडे पूर्णवेळ रुग्णसेवेत काढायचे असतात, आणि त्याचे मूल्यमापन तो स्वतः व त्याचा मार्गदर्शक दोघेही करतात. आपल्याकडे सहा महिन्यांच्या लॉगबुकवर एका बैठकीत सह्या झाल्याची उदाहरणे विद्यार्थीच हसत हसत सांगतात.

केंद्राच्या २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात सामायिक प्रवेश परीक्षेबरोबर पदवीनंतरच्या समान निर्गमन किंवा परवाना परीक्षेचीही तरतूद आहे. ती परीक्षा आली आणि तिचा निकाल केवळ आसन क्रमांकानुसार लागला, तर विद्यार्थ्यांच्या मानेवर आणखी एक ओझे पडेल आणि महाविद्यालये होती तशीच राहतील. म्हणून तो निकाल महाविद्यालयनिहाय प्रसिद्ध करण्याची मागणी आत्तापासून व्हावी, आणि तोवर वऱ्हाडातील पालकांनी प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाकडून मागील चार तुकड्यांत किती जणांनी प्रवेश घेतला व किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, याची माहिती लेखी मागून घ्यावी.