शस्त्रक्रियेनंतर सशाचे पचन

घरी पाळलेला ससा पाहणाऱ्याला मोठा साधा व सोशिक प्राणी वाटतो. तो सहसा आवाज करीत नाही. दुखलेखुपले तरी विव्हळत नाही. मोकळ्या रानात शत्रूच्या नजरेतून सुटण्यासाठी आपले दुबळेपण लपविणे हा त्याच्या जातीचा स्वभाव होय, व तो घराच्या चार भिंतींतही कायम राहतो. आजारी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि घरच्या माणसांना तो विसावा घेत आहे असे वाटते. ह्या मुकेपणामुळेच सशावर शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्याला सांभाळणाऱ्यांची जबाबदारी फार वाढते.

पाळीव सशावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. वयस्क मादीला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण पुष्कळ असल्यामुळे तरुणपणीच तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. नराचे खच्चीकरण, वेड्यावाकड्या वाढलेल्या दाढांवरील उपचार, जबड्यातील गळू ही आणखी काही कारणे. भूल देण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. तरीही कुत्र्यामांजरांच्या मानाने सशाला धोका अधिक असतो. ब्रिटनमधील ११७ पशुवैद्यकीय दवाखान्यांत २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांमध्ये शेकडा ०.१७, मांजरांमध्ये ०.२४, तर सशांमध्ये १.३९ होते. ह्यांत निरोगी व आजारी असे दोन्ही प्रकारचे प्राणी होते. दगावलेल्या सशांपैकी शेकडा ६४ ससे शस्त्रक्रिया चालू असताना नव्हे, तर ती आटोपल्यानंतर दगावले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्या सर्व मृत्यूंचे कारण आतडे हेच होते असे नव्हे. परंतु टाके घातले म्हणजे काम संपले, ही समजूत सशाच्या बाबतीत किती घातक आहे हे त्यावरून स्पष्ट होते.

सशाच्या पोटाची रचना

शस्त्रक्रियेनंतर सशाचे पचन का बिघडते हे कळण्यासाठी प्रथम त्याच्या पोटाची रचना पाहिली पाहिजे. ससा गवतावर जगणारा प्राणी आहे. गाईप्रमाणे त्याला चार कप्प्यांचे जठर नाही. गवताचा चोथा आंबवून त्यातील सत्त्व काढण्याचे जे काम गाईच्या पोटातील पहिल्या कप्प्यात होते, ते सशात लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीपाशी असलेल्या एका मोठ्या पिशवीत चालते. ह्या पिशवीला उंडुक म्हणतात. माणसातील उंडुक अगदी आखूड असते. सशातील उंडुकाची धारणाशक्ती मात्र त्याच्या जठराच्या सुमारे दहापट असते. त्यात कोट्यवधी उपयुक्त सूक्ष्मजंतू राहतात. ते चोथ्याचे विघटन करून मेदाम्ले तयार करतात आणि ती आतड्याच्या भिंतीतून शोषली जाऊन सशाला शक्ती मिळते.

मोठ्या आतड्याच्या प्रारंभी निवडानिवड चालते. जाड, न पचणारे तंतू पुढे ढकलले जातात व कोरड्या, वाटोळ्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण व द्रव मागे उंडुकात परत पाठविले जातात. दिवसातून एकदोनदा उंडुकातील माल निराळ्या स्वरूपात बाहेर येतो. ह्या मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारख्या घोसाने येणाऱ्या लेंड्या ससा गुदद्वारातून थेट तोंडात घेऊन गिळतो. त्यांतून त्याला प्रथिने व ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे मिळतात. सशाची ही सवय फ्रान्समधील मोरो ह्या पशुवैद्याने १८८२ मध्ये वर्णिली होती. ती घाणेरडी खोड नसून पचनक्रियेचा आवश्यक भाग आहे.

ह्या सर्व व्यवस्थेचे मर्म एकच : ती अखंड चालू राहिली पाहिजे. जाड तंतूंतून सशाला पोषण फारसे मिळत नाही, पण आतड्याला हालते ठेवण्याचे काम तेच करतात. ससा रात्रंदिवस थोडेथोडे खात राहतो व जठर बहुधा रिकामे पडू देत नाही. शिवाय त्याला ओकता येत नाही. जे आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे. ते थांबले की संकट सुरू झाले असे समजावे.

आतडे मंदावते कशामुळे?

शस्त्रक्रियेच्या दिवशी आतड्याला मंद करणारी अनेक कारणे एकत्र येतात. पहिले कारण वेदना व दुसरे भीती. अनोळखी जागा, कुत्र्यांचा वास, प्रवासाचा धक्का ह्यांनी सशाच्या रक्तात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात व ती आतड्याच्या हालचालीला आळा घालतात. भुलीची व काही वेदनाशामक औषधेही तेच करतात. त्यातच ससा खाणे सोडतो आणि तंतूंचा पुरवठा तुटतो.

मग एक दुष्टचक्र सुरू होते. आतडे थांबले की जठरातील अन्नाचे पाणी शोषले जाऊन त्याचा घट्ट गोळा बनतो. उंडुकातील सूक्ष्मजंतूंचा समतोल ढळतो व वायू साठतो. फुगलेले पोट दुखते, दुखण्यामुळे ससा आणखीच खात नाही, आणि न खाल्ल्यामुळे आतडे आणखी मंदावते. उपाशी शरीर साठविलेली चरबी वापरू लागते. ती यकृतात साचून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. लठ्ठ सशांत हे फार लवकर घडते.

पूर्वी अशा सशाच्या जठरात केसांचा गोळा सापडे, तेव्हा केसांनीच वाट अडविली असा निष्कर्ष काढला जाई व अननसाचा रस पाजला जाई. आता असे कळून आले आहे, की अंग चाटणाऱ्या प्रत्येक सशाच्या जठरात थोडे केस असतातच. बहुतेक वेळा केसांचा गोळा हे रोगाचे कारण नसून आतडे थांबल्याचा व आतील पाणी आटल्याचा परिणाम असतो. अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत. गोळा सैल होण्यासाठी पाणी लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी

माणसाला, कुत्र्याला व मांजराला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सशाला उलटी होतच नाही. म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नाही. उलट तसे केल्याने आतडे आधीच मंदावते. तोंडात घास राहू नये एवढ्यापुरते तास-दोन तास अन्न दूर ठेवणे पुरेसे होते. दवाखान्यात नेताना सशाच्या रोजच्या गवताची पेंढी व ओळखीचे अंथरूण बरोबर द्यावे. दोन ससे जोडीने राहत असतील तर सोबत्यालाही न्यावे. ओळखीच्या वासाने व सहवासाने भीती कमी होते.

प्रथम वेदना, मग अन्न

घरी आणलेला ससा खात नाही असे दिसताच त्याच्या तोंडात अन्न घालण्याची घाई होते. परंतु वेदना कायम असेल तर नुसत्या भरविण्याने आतडे चालू होत नाही. म्हणून क्रम ध्यानात ठेवावा : वेदना शमविणे, ऊब देणे, पाणी पुरविणे व त्याबरोबर अन्न देणे.

वेदनेसाठी पशुवैद्य मेलॉक्सिकॅमसारखे औषध देतात. प्रसंगी ब्युप्रेनॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषधही वापरतात. अशा औषधाने आतडे किंचित मंदावते हे खरे. पण न शमलेल्या वेदनेने ते त्याहून अधिक मंदावते. सांगितलेली मात्रा वेळेवर द्यावी व ‘आता बरा दिसतो’ म्हणून मध्येच बंद करू नये. माणसांसाठी असलेल्या गोळ्या आपल्या अंदाजाने कधीही देऊ नयेत.

वेदना ओळखण्यासाठी सशाचा चेहरा पाहावा. चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पाच खुणा सांगितल्या आहेत : डोळे अर्धवट मिटलेले, गाल चपटे झालेले, नाकपुड्या टोकदार दिसणाऱ्या, मिशा ताठरलेल्या व कान नळीसारखे वळून मागे गेलेले. पोट जमिनीवर दाबून बसणे व मोठ्याने दात खाणे ह्याही दुखण्याच्याच खुणा होत.

सशाच्या शरीराचे तापमान सामान्यतः ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. भुलीनंतर ते घसरते व थंड पडलेल्या शरीराचे आतडे चालत नाही. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. मात्र तिच्यापासून दूर सरकण्यास सशाला जागा असावी. उन्हाळ्यात ह्याच्या उलट काळजी घ्यावी लागते, कारण सशाला उकाडा मुळीच सोसत नाही.

पाणी व अन्न

सशाला दिवसाकाठी दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १०० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे दोन किलोग्रॅमच्या सशाला सुमारे २०० मिलिलिटर. पाण्याचे उथळ भांडे त्याच्या तोंडाजवळ ठेवावे. पाला धुऊन ओलाच द्यावा, म्हणजे त्यातूनही पाणी पोटात जाते. एवढ्याने भागत नसेल तर पशुवैद्य कातडीखाली किंवा शिरेतून द्रव देतात.

शुद्धीवर आल्यानंतर काही तासांतच सशाने खाण्यास सुरुवात करावी अशी अपेक्षा असते. प्रथम त्याच्यापुढे चांगले वाळलेले, सुवासिक गवत ठेवावे. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला अशी वासाची भाजी भूक जागी करते. पोळी, भात, बिस्किटे, गूळ, केळे असे पिठूळ व गोड पदार्थ ‘निदान काही तरी खाऊ दे’ म्हणून दिले जातात. त्यांनी उंडुकातील समतोल अधिकच बिघडतो.

ससा आपण होऊन खात नसेल तर गवताच्या बारीक भुकटीपासून बनविलेले तंतुमय खाद्य पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने भरवितात. ते किती व कितीदा द्यावे हे पशुवैद्य वजनावरून ठरवितात. सशाला पंचात सैलसर गुंडाळून नेहमीप्रमाणे चार पायांवर बसवावे. पुढील पटाशीच्या दातांमागे जी मोकळी जागा असते, तिच्यातून बाजूने पिचकारी घालावी व एका वेळी सुमारे एक मिलिलिटर खाद्य देऊन तो गिळेपर्यंत थांबावे. त्याला उताणे धरून कधीही भरवू नये; खाद्य श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतते.

काही महत्त्वाचे धोके

पोट एकाएकी नगाऱ्यासारखे ताठ झाले व ससा गळून गेला, तर आतड्यात खराच अडथळा असण्याचा संभव असतो. अशा वेळी भरविणे थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा. आतड्याला चालना देणारी औषधेही असा अडथळा नाही अशी खात्री झाल्यावरच द्यावयाची असतात.

जंतुनाशक औषधांबाबत फार सावध राहावे. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिल्यास उंडुकातील उपयुक्त सूक्ष्मजंतू मरतात. मग विष निर्माण करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात व ससा दगावू शकतो.

टाके चावू नयेत म्हणून कुत्र्याच्या गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात. सशाला ती शक्यतो घालू नये. तिने तो भेदरतो व मऊ लेंड्यांपर्यंत त्याचे तोंड पोहोचत नाही. कातडीच्या आत घातलेल्या टाक्यांमुळे अशा कॉलरची गरज बहुधा उरत नाही. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर पोट चोळू नये. सपाट जागेत हळूहळू फिरू द्यावे. चालण्याफिरण्याने आतड्यालाही गती येते.

लेंड्यांची नोंद

आतडे पूर्वपदावर येत आहे की नाही, हे सांगणारी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लेंड्या. त्यासाठी पिंजऱ्यात गवताचा थर न घालता स्वच्छ, फिकट रंगाचे कापड अंथरावे, म्हणजे त्या मोजता येतात व टाक्यांनाही कचरा लागत नाही. एका कागदावर वेळ, खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी, दिलेले औषध, तसेच लेंड्यांची संख्या व आकार टिपून ठेवावा. पहिल्या लेंड्या लहान, काळपट व थोड्या असतात. पुढे त्या मोठ्या, फिक्या व तंतुमय होऊ लागल्या म्हणजे सुधारणा होत आहे असे समजावे. बारा तासांत सशाने काही खाल्ले नाही किंवा एकही लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे आणि ही नोंद त्यांना दाखवावी. चांगले खाणे व नेहमीसारख्या लेंड्या सुरू झाल्यावरही काही दिवस ही नोंद चालू ठेवावी. कारण औषधाचा अंमल उतरल्यावर वेदना परत येऊन आतडे पुन्हा मंदावण्याचा संभव असतो.