ध्यान करताना मेंदूत काय घडतं?

तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. अचानक बार उडाला की छातीत धस्स होतं, तळहातांना घाम फुटतो. मेंदूतला अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग विचार करण्याआधीच धोक्याची वर्दी देतो. पीककर्जाची काळजीही हीच यंत्रणा रात्रभर चालू ठेवते.

अशा काळजीवर उपाय म्हणून ध्यान केलं जातं. त्यात लक्ष श्वासावर ठेवायचं. ते भरकटणारच, भरकटलं की न चिडता परत आणायचं. हे परत आणणं हाच खरा सराव.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी सुरू केली. पुढे २०११ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या सरावानंतर स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. २०२२ च्या अधिक मोठ्या अभ्यासात मात्र तसा बदल आढळला नाही. त्यामुळे ‘ध्यानाने मेंदू वाढतो’ हे छातीठोकपणे सांगू नये, असं मला वाटतं. चिंता आणि उदासी काही प्रमाणात कमी होते, याला जास्त आधार आहे.

काहींना, विशेषतः जुना आघात सोसलेल्यांना, डोळे मिटल्यावर त्रास वाढतो, त्यांनी थांबावं. नैराश्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सोडू नयेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.