सर्व्हिसिंगनंतरची दुखणी

मामांनी इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टला सतराचा पाना लावला आणि अर्ध्या फेऱ्यातच बोल्ट नुसता गरगर फिरायला लागला. ना वर जाईना, ना खाली येईना. त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि बोटांनी खाली ओढत ओढत बोल्ट फिरवला. तेव्हा कुठे तो सुटला आणि काळं तेल ट्रेमध्ये पडलं. बोल्टाच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत वेटोळी अडकली होती. इंजिनाच्या केसिंगमधले आटे सोलून निघाले होते आणि बोल्टाबरोबर बाहेर आले होते.

"हे मागच्या सर्व्हिसिंगला झालंय, ताई," मामा म्हणाले. "ज्यानं बोल्ट आवळला त्याला तेव्हाच कळलं असणार. पाना एकदम हलका लागतो, हाताला समजतंच."

बोल्ट पोलादाचा आणि केसिंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे जोर जास्त झाला की हार नेहमी केसिंगची. शंभर सीसीच्या मोटरसायकलीचा हा बोल्ट 25 ते 30 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. त्यासाठी मनगटाचा ताण पुरतो, पान्यावर अंगाचा भार टाकावा लागत नाही. बोल्टाखाली एक मऊ वॉशर असतो. तोच चेपला जाऊन तेल अडवतो, म्हणून तेल बदलताना तोही बदलायचा. काही रुपयांची वस्तू आहे. पण जुनाच वॉशर परत बसवला की तेल पाझरतं. पाझरतं म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्ट जरा जास्त आवळला जातो, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. शेवटी कुणाच्या तरी हातात आटे जातात, आणि तो माणूस बोल्टाला टेफ्लॉनची टेप गुंडाळतो किंवा सीलंट फासतो आणि गाडी देऊन टाकतो. मामांच्या हातातल्या बोल्टावरही त्या टेपच्या चिंध्या होत्या. हा बोल्ट कात्रजच्या घाटात गळून पडला असता, तर तेल थेट मागच्या चाकावर आलं असतं. इंजिन जाम होणं ही नंतरची गोष्ट. त्याआधी गाडी घसरून माणूस पडला असता.

दुरुस्तीचं काम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मामांनी भोक थोडं मोठं केलं, नवे आटे पाडायला टॅप घेतला आणि त्याच्या खाचांमध्ये ग्रीस भरलं. कीस ग्रीसला चिकटून बाहेर यावा, इंजिनात पडू नये, यासाठी. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा हळूहळू आत गेला. दर थोड्या वेळाने बाहेर काढून, पुसून, नवं ग्रीस. मग आत नवे पोलादी आटे बसवले. तेल भरण्याच्या तोंडातून थोडं स्वच्छ तेल ओतलं आणि खालून वाहू दिलं. ट्रेमधलं ते तेल त्यांनी बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. एक बारीक कण लागला. पुन्हा तेल ओतलं. या सगळ्यात सकाळ गेली. मूळ बोल्ट नीट बसवायला एक मिनिट लागलं असतं.

मामांचं गॅरेज पुण्यात, नाना पेठेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या पुढच्या भागात आहे. नाना पेठ म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची पेठ, त्यामुळे वॉशर, सील, केबल असं काही लागलं की पोऱ्या पळत जाऊन घेऊन येतो. मामांकडे येणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचं सर्व्हिसिंग नुकतंच दुसरीकडे झालेलं असतं, म्हणून मी इथे येऊन बसायला लागले. गाडी बिघडली की आपण तिचं वय, रस्ते, भेसळीचं पेट्रोल यांना दोष देतो. इथे बसल्यावर दिसतं की बरीचशी दुखणी पान्याच्या वाटेने आत शिरलेली असतात.

आणि एक गोष्ट दिसते, जी मला सगळ्यात गंभीर वाटते. निष्काळजीपणाचा परिणाम तो करणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. आटे एका गॅरेजमध्ये जातात, तेल तीन महिन्यांनी रस्त्यावर गळतं आणि गाडी टेम्पोत घालून तिसऱ्याच ठिकाणी जाते. ज्या पोराने बोल्ट आवळला, त्याला ती ॲल्युमिनियमची वेटोळी कधी दिसत नाहीत. मग त्याचा हात सुधारणार कसा?

काही चुकांचा परिणाम मात्र लगेच दिसतो, आणि तो जास्त भीतिदायक असतो. माझ्या स्कूटरचे पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड एका सर्व्हिस सेंटरमध्ये बदलले होते. नवे पॅड जाड असतात, म्हणून ते बसवताना कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यानंतर ब्रेकचा लिव्हर चार-पाच वेळा दाबून पॅड डिस्कला भिडवायचे असतात. तेवढं केलं नाही तर पहिल्या दाबाला लिव्हर पोकळ जातो. माझ्या बाबतीत तेच झालं. सेंटरच्या दारातून रस्त्यावर उतरणाऱ्या उतारावर मी ब्रेक दाबला, लिव्हर थेट मुठीला टेकला आणि गाडी चालतच राहिली. मागचा ब्रेक लागला आणि समोरून येणारी बस पुढे निघून गेली. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पुढचा ब्रेक अगदी नीट लागायला लागला. आत जाऊन सांगितलं, तर समोरच्याने लिव्हर दाबून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, ब्रेक तर ओके आहे." तोवर तो ओकेच झाला होता. जे काम करायला पाच सेकंद लागतात, ते राहिलं तर माणूस मरू शकतो. त्याबद्दल समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, याचा राग मला अजून आहे.

सर्व्हिसिंग कसं झालं, हे गिऱ्हाईक कशावरून ठरवतं? गाडी चकचकीत दिसते का आणि आवाज कमी झाला का, यावरून. म्हणून मेहनतही तिथेच जाते. वॉशिंगचा जोरदार फवारा चाकाच्या बेअरिंगवर, वायरिंगच्या जोडांवर, चेनवर मारला जातो. चेन धुऊन निघते, पण नंतर तिला वंगण घातलंच जाईल असं नाही. मग इंजिनावर आणि खालच्या भागावर डिझेल फवारतात, त्याने काळं प्लास्टिक आणि रबर तात्पुरतं नव्यासारखं दिसतं. डिझेलने रबर फुगतं आणि त्यावर धूळ चिकटून बसते. ते उडून डिस्कवर किंवा टायरवर गेलं, तर पहिल्या वळणावर कळतं. संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना मात्र ती देखणी असते आणि मालक समाधानाने पैसे देऊन जातो.

तेलाचीही तीच गत. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो, म्हणून तिला डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं तेल लागतं. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्याने क्लच घसरायला लागतो. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी त्या मानाने पळत नाही, आणि मग क्लच प्लेट बदलायचा खर्च येतो. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला 'एमबी' चालतं. शिवाय स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, ते बदलायचं तर हमखास विसरतात. तेल मोजण्याचीही रीत आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची, इंजिन काही मिनिटं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग काडी पुसून पाहायची. बऱ्याच मोटरसायकलींत ही काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. फिरवून बसवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि तेल कमी भरलं जातं. तेल गरजेपेक्षा जास्त झालं तरी वाईटच. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून तेल एअर फिल्टरपर्यंत चढतं. मामांकडे एका स्कूटरचा फिल्टर तेलाने निथळत होता. तिच्या मालकाला नवा कार्बुरेटर घ्यायला सांगितलं होतं.

फिल्टरवरून आठवलं. अनेक नव्या स्कूटरींचा कागदी फिल्टर मुद्दाम तेलकट बनवलेला असतो, धूळ त्या तेलाला चिकटावी म्हणून. त्यावर हवेचा झोत मारायचा नसतो. ठरावीक किलोमीटर झाले की तो बदलायचा. तरी जवळपास प्रत्येक ठिकाणी तो बाहेर काढतात, कॉम्प्रेसरने फुंकतात आणि 'साफ केला' म्हणून परत बसवतात.

शेजारच्या चारचाकीच्या गॅरेजमध्ये एक मोटार टो करून आणलेली पाहिली. तेल आणि ऑइल फिल्टर बदलून ती दुसरीकडून नुकतीच बाहेर पडली होती. फिल्टरच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. काळ्या धातूवर काळी रिंग, बोट फिरवून पाहिलं नाही तर दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन रिंग होतात. उभ्या गाडीत गळत नाही. गाडी वेगात निघाली, तेलाचा दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि तेल धारेने बाहेर पडतं. तिथल्या मिस्त्रीने दोन्ही रिंग तळहातावर ठेवून मालकाला दाखवल्या. मालक त्या रिंगकडे आणि मग इंजिनाच्या अंदाजी खर्चाच्या चिठ्ठीकडे बघत राहिला.

या कारागिरांना काम येत नाही, असं मला वाटत नाही. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. टॉर्क रेंच कशासाठी असतो हे तिथून बाहेर पडलेल्या मुलाला माहीत असतं. पण अनेक ठिकाणी त्याची कमाई दिवसभरात किती गाड्या निघाल्या यावर बांधलेली असते. सकाळी गाड्यांची रांग, संध्याकाळी त्या द्यायचं वचन, आणि मध्ये वॉशिंगचा अडथळा. अशा वेळी बोट फिरवून बघणं, पुसणं, पुन्हा एकदा आवळून पाहणं एवढंच गळतं. कारण ते केलं नाही तर त्या दिवशी कुणाला कळत नाही. दोष त्या पोराचा आहेच, पण त्याच्या डोक्यावर घड्याळ लावून ठेवणाऱ्या मालकाचा मला जास्त वाटतो.

जॉब कार्डवर 'जनरल सर्व्हिस' एवढे दोनच शब्द असतात. त्याखाली काय काय केलं, कोणतं तेल किती घातलं, ते लिहून घ्यायला हवं. सदोष दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतली त्रुटी ठरते. जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. 1915 या क्रमांकावर आधी विचारताही येतं. पण तिथे कागद लागतो, आणि 'जनरल सर्व्हिस' या शब्दांतून काहीच सिद्ध होत नाही.

मामांकडे सगळ्यात जास्त वेळ जातो तो टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्यावर. एक कॉलेजचा मुलगा मोटरसायकल घेऊन आला. सकाळी किक मारून मारून पाय दुखतो आणि पिकअप गेलाय, अशी तक्रार. आधी टकटक आवाज यायचा, तो एका गॅरेजवाल्याने बंद करून दिला होता. त्या कामावर मुलगा खूश होता. मामांनी फळीवरून एक जुना व्हॉल्व्ह काढून त्याच्या हातात दिला. व्हॉल्व्हच्या कडेचा एक तुकडा जळून गेला होता.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, बऱ्याच लहान इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. इंजिन तापलं की धातू वाढतो आणि ती फट खातो. फटच ठेवली नाही तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मिटला तरच त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. नाही मिटला तर जळता वायू त्याच्या कडेने निसटत राहतो आणि कड खातो. आवाज घालवायचा सोपा उपाय म्हणजे फट बुजवणे. आवाज लगेच जातो, गिऱ्हाईक खूश होतं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह त्या दिवसापासून जळायला लागतो.

"गाडी रात्रभर ठेवून जा," मामा म्हणाले. टॅपेट थंड इंजिनावरच सेट करायचे असतात. मुलगा कुरकुरला, पण गाडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मॅग्नेटवरची खूण जुळवली आणि फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी एक्झॉस्टच्या फटीत घालून पाहिली. ती आत शिरेना. स्क्रू सोडवून, पट्टी किंचित अडखळत सरकेल इतकी फट ठेवून, त्यांनी नट आवळला. आवळताना स्क्रू फिरला असेल म्हणून पट्टी पुन्हा घालून पाहिली. फिरला होता. पुन्हा सोडवलं, पुन्हा आवळलं. मुलगा आला तेव्हा त्याच्याच पायाने किक मारायला लावली. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली आणि हेडमधून बारीक, एकसारखी टकटक ऐकू यायला लागली.

"आवाज परत आला की हो, मामा."

"येणारच. नीट ऐकून ठेव. हा आवाज कुणी बंद करून दिला, तर त्याच दिवशी माझ्याकडे ये."